'इफ'च्या आत 'इफ': सी भाषा घडवणारे डेनिस रिची

तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो आणि ते कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलंय. मी छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा सीचा पेपर होता, पण ती भाषा घडवणाऱ्या माणसाबद्दल वर्गात चकार शब्द नव्हता. म्हणून आज डेनिस रिची.

हुकलेली डॉक्टरेट

जन्म ९ सप्टेंबर १९४१, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. रिची हार्वर्डला भौतिकशास्त्र आणि पुढे उपयोजित गणित शिकले. लूपच्या आत लूप किती खोल गेलाय, त्यावरून प्रोग्रामला लागणाऱ्या वेळेबद्दल काय सांगता येतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. १९६८ मध्ये प्रबंध तयार झाला, पण बांधणी केलेली प्रत त्यांनी जमाच केली नाही. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच.

सी आणि प्रीप्रोसेसर

१९६७ मध्ये ते बेल लॅब्समध्ये आले. केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स उभारलं आणि १९७३ मध्ये त्याचं कर्नल सीमध्ये पुन्हा लिहिलं. त्याच सुमारास सीला प्रीप्रोसेसर जोडला गेला. 'इफ'ची सोय नंतर आली. त्यात माइक लेस्क आणि जॉन रायझर या सहकाऱ्यांचा हात होता. 'या चिपसाठी हा कोड, त्या चिपसाठी तो' अशी निवड कंपाइल करतानाच होऊ लागली.

पण 'इफ'च्या आत 'इफ' किती? कंपायलरला प्रत्येक उघडा 'इफ' लक्षात ठेवावा लागतो. मडक्यांची उतरंड आठवा: सगळ्यात वरचं मडकं आधी काढायचं, तसा शेवटी उघडलेला 'इफ' आधी बंद होतो. जुन्या मशीनवर मेमरी तुटपुंजी, म्हणून १९८९ च्या प्रमाणकाने कंपायलरकडून किमान ८ पातळ्यांची हमी मागितली. १९९९ मध्ये ती ६३ झाली. लक्षात घ्या, हा किमान आकडा आहे, कमाल नाही. जीसीसीला तर फक्त मेमरीचीच मर्यादा आहे. तरी कोड कुठेही चालायला हवा असेल, तर ६३ च्या आत राहा. 'एलिफ' वापरलात तर खोली वाढत नाही.

शेवट

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडले. ते एकटेच राहत होते. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्स गेले, तेव्हा जगभर हळहळ झाली होती. रिची गेल्याचं फारसं कुणाला कळलंही नाही. आयफोनचं कर्नलही मुख्यतः सीमध्येच लिहिलंय, हे मात्र विसरू नका.