शरीरातील वीज आणि लुईजी गॅल्व्हानी

हळद काढणीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शिवारात कुदळ पायावर बसली, तर पहिली आठवण हळदीचीच होते. पण कातडी फाटताच तिथे आणखी एक गोष्ट सुरू होते. जखमेच्या दिशेने अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि नव्या पेशींना वाट दाखवतो. या प्रवाहाला मदत करणाऱ्या ‘स्मार्ट’ पट्ट्या आता प्रयोगशाळांत तयार होत आहेत. त्यांचे मूळ ज्यांच्या संशोधनात आहे, त्यांचे नाव आपण पत्रा घेताना सहज उच्चारतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला ज्यांचे नाव मिळाले, ते लुईजी गॅल्व्हानी.

इटलीतील बोलोन्या शहरात ९ सप्टेंबर १७३७ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांनी १७५९ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. पुढे ते शरीररचनाशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र शिकवू लागले. आपल्या गुरूंची कन्या लुचिया हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती त्यांच्या प्रयोगांतही सोबत असे.

१७८० च्या सुमारास त्यांनी बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग सुरू केले. एकदा जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी पडली, त्याच वेळी सहकाऱ्याच्या हातातील शस्त्राचे टोक मज्जातंतूला लागले आणि मेलेल्या बेडकाचा पाय आखडला. पुढे दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श होताच, यंत्राशिवायही पाय हलताना दिसला. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ च्या ग्रंथात मांडला. तो पाहायला लुचिया हयात नव्हती.

युरोपभर बेडकांवर प्रयोग सुरू झाले. मात्र अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी हरकत घेतली. वीज बेडकात नसून दोन धातूंच्या संपर्कातून येते, असे त्यांचे म्हणणे होते. गॅल्व्हानींनी वाद न घालता प्रयोगातून धातूच काढून टाकला. १७९७ मध्ये त्यांनी एका पायाच्या मज्जातंतूचे कापलेले टोक दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला लावले. धातूचा तुकडाही नसताना पाय आखडला. कापलेला भाग आणि शाबूत भाग यांच्यात विजेचा फरक असतो, हे त्याचे कारण पुढे उमगले. इजा झालेल्या जागी वीज असते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

पण काळ प्रतिकूल होता. नेपोलियनच्या सैन्याच्या आधाराने आलेल्या नव्या राजवटीने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. श्रद्धाळू गॅल्व्हानींनी ती नाकारली आणि १७९८ मध्ये त्यांचे पद गेले. उत्पन्न थांबले. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. १८०० मध्ये व्होल्टांनी आपली बॅटरी जाहीर केली आणि प्राण्यांतील विजेची चर्चा काही दशके मागे पडली. खरे तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

१८४३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी स्वतःच्या त्वचेवरील जखमेतून वाहणारा प्रवाह मोजला. त्वचेच्या पेशी क्षार सतत आत ढकलतात, त्यामुळे त्वचेच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूंत काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. जखम झाली की तिथे हा फरक नाहीसा होतो, प्रवाह जखमेकडे वळतो आणि पेशी त्या दिशेने सरकतात.

मधुमेहात रक्तपुरवठा आणि संवेदना कमी झाल्याने पायाच्या जखमा महिनोन्‌महिने चिघळतात. अशा जखमांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये जखमेवर लक्ष ठेवून सौम्य वीज देणारी पट्टी मांडली. उंदरांमध्ये तिने जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. हार्वर्डमधील गटाने २०१९ मध्ये शरीराच्या उष्णतेने आकसून जखमेच्या कडा जवळ ओढणारी पट्टी तयार केली. एक विजेने, तर दुसरी ताणाने शरीराच्याच कामाला हातभार लावते.

या पट्ट्या गावच्या औषध दुकानात मिळत नाहीत. बॅटरी किंवा घरातील वीज जखमेला लावण्याचा प्रयोग तर चुकूनही करू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, माती लागली असल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी शेतात जाऊ नये, रोज रात्री तळवे पाहावेत आणि लहान जखमही लगेच दाखवावी. इतरांनी दोन आठवड्यांत न भरणारी जखम अंगावर काढू नये.