फासे मोजणारा गणिती

इटली देशातील पाव्हिया या गावी 1501 साली जिरोलामो कार्डानोचा जन्म झाला. त्याचे वडील फाझिओ हे मिलान शहरातील विद्वान वकील होते. भूमितीतील त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की, लिओनार्दो द व्हिंचीसारखा थोर कलावंतही त्यांचा सल्ला घेत असे. परंतु जिरोलामो जन्मला तेव्हा त्याच्या आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. यात त्या बालकाचा काय अपराध? तरीही हा डाग त्याला आयुष्यभर छळीत राहिला. पुढे तो वैद्यकाची पदवी घेऊन आला, तेव्हा मिलानच्या वैद्यमंडळाने याच कारणास्तव त्याला आपल्यात घेण्याचे नाकारले. त्या मंडळाची दारे त्याच्यासाठी उघडण्यास 1539 साल उजाडावे लागले.

विद्यार्थिदशेतच त्याला फाशांचा नाद लागला. पैसा संपला की तो फासे व बुद्धिबळ यांवर पोट भरी. सुमारे पंचवीस वर्षे आपण फासे खेळत होतो, असे त्याने उतारवयात आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. विवाहानंतर तो गॅलाराते या गावी राहावयास गेला. तेथे रोगी येईनात, आणि फासे तर सुटेनात. घरातील सामान गेले, पत्नीचे दागिनेही गेले. अखेर त्या पतिपत्नींना मिलानमधील गोरगरिबांच्या आश्रमात आसरा घ्यावा लागला.

मात्र हरणाऱ्या इतर हजारो खेळाडूंना जे सुचले नाही, ते या माणसाला सुचले. दान पडणे ही केवळ दैवाची लहर, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. कार्डानो स्वतःही दैव मानणारा होता. फलज्योतिषाचा तर त्याला भारी सोस. तरीसुद्धा त्याने दाने मोजावयास घेतली. आपल्या सारीपाटाचे फासे लांबट असतात. हे फासे घनाकृती होते. घनाला सहा बाजू, म्हणून एका फाशाची दाने सहा. दोन फासे टाकले, तर पहिल्याच्या प्रत्येक दानाबरोबर दुसऱ्याची सहा, म्हणजे 36 प्रकार. तीन फासे टाकले, तर सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे 216 प्रकार. 216 हा 6 चा पूर्ण घन आहे.

आता समजा, तीन फाशांपैकी निदान एकावर तरी 1 पडेल, अशी कोणी पैज मारली. एका फाशावर सहांत एक संधी, तर तीन फाशांवर सहांत तीन, म्हणजे बरोबर अर्धी, असे पटकन वाटते. कार्डानोलाही आरंभी असेच वाटले होते. पण जरा उलट बाजूने मोजून पाहा. 1 वगळला तर प्रत्येक फाशाची पाच दाने उरतात. म्हणून एकाही फाशावर 1 न येण्याचे प्रकार 5 चा घन, म्हणजे 125 होतात. 216 मधून 125 वजा केले की 91 राहतात. 216 ची निम्मी संख्या 108. तेव्हा बरोबरीची पैज मारणारा दीर्घकाळात बुडणारच! कार्डानोने हा विषय लॅटिन भाषेतील एका लहानशा पुस्तकात लिहिला. त्यात त्याने योग्य संख्या दिल्या, पण आधीचा चुकीचा विचारही खोडून न टाकता तसाच राहू दिला. त्यामुळे त्याची बुद्धी कोठे अडखळली आणि कशी सावरली, हे आजही वाचता येते.

घनाशी त्याची दुसरी गाठ बीजगणितात पडली. एखाद्या संख्येचा घन 27 आहे, तर ती संख्या 3, हे सोपे झाले. परंतु एखाद्या संख्येच्या घनात तिची सहापट मिळविली असता 20 होतात, तर ती संख्या कोणती? उत्तर 2 आहे. आठ आणि बारा मिळून वीस. अंदाजाने हे सापडेल, पण अशी सर्व उदाहरणे सोडविण्याची रीत कोणती? ती निकोलो तार्ताल्या या गणितज्ञास सापडली होती. त्या काळी विद्वान एकमेकांना जाहीर आव्हाने देत आणि जिंकणाराचा मान वाढे. म्हणून अशी रीत कोणी उघड करीत नसे. कार्डानोने फार आर्जवे केली. तेव्हा 1539 साली, ती कधीही प्रसिद्ध न करण्याची शपथ घेववून, तार्ताल्याने त्याला ती सांगितली.

चार वर्षांनी कार्डानो आपला शिष्य फेरारी याच्यासह बोलोन्यास गेला. तेथे देल फेरो या दिवंगत प्राध्यापकाच्या कागदांत त्याला तीच रीत आढळली, आणि तीही तार्ताल्याच्या आधीची! आता शपथेचे बंधन उरले नाही असे त्याने मानले व 1545 मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात ती छापली. श्रेय त्याने दोघांनाही दिले, हे खरे. परंतु तार्ताल्याला ती स्वतःच्या ग्रंथात प्रथम मांडावयाची होती; त्याचा संताप अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही.

वैद्य म्हणून मात्र कार्डानोची कीर्ती दूरवर पसरली. 1552 साली तो दम्याने पीडलेल्या एका धर्मगुरूला तपासण्यासाठी स्कॉटलंडला गेला आणि त्याने त्याच्या पिसांच्या गाद्या काढावयास लावल्या. रोग्यास आराम पडला. पण घरी सुख नव्हते. थोरल्या मुलाला पत्नीवर विषप्रयोग केल्याबद्दल 1560 साली देहदंड झाला. 1570 मध्ये धर्मपीठाच्या न्यायालयाने खुद्द कार्डानोला काही महिने तुरुंगात टाकले. 1576 साली रोम येथे त्याचा अंत झाला.

फाशांचे ते पुस्तक त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. 1663 साली फ्रान्समधील लियाँ शहरी त्याचे समग्र ग्रंथ दहा खंडांत निघाले, तेव्हा ते प्रथम लोकांसमोर आले. तोपर्यंत पास्काल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी 1654 सालच्या आपल्या पत्रव्यवहारात संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला होता. त्यांपैकी पास्काल तर ते खंड निघण्यापूर्वी एक वर्ष आधीच वारला होता.