कृतिसंशोधनाचे जनक : कुर्ट लेविन

आपल्या एखाद्या बाईंना किंवा सरांना कृतिसंशोधन म्हणजे काय ते विचारून पाहा. बी.एड. करताना बहुतेकांनी त्याचा एक तरी अहवाल लिहिलेला असतो. वर्गातली एखादी अडचण घ्यायची, उपाय करून पाहायचा, काय घडले ते प्रामाणिकपणे नोंदवायचे आणि त्यावरून उपाय सुधारायचा, अशी ही पद्धत. ती रूढ करणाऱ्या कुर्ट लेविन यांचे नाव मात्र आपल्याकडे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरतेच राहिले आहे. म्हणून या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी मोगिल्नो या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मन साम्राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडिलांचे दुकान होते आणि दुकानाच्या वरच घर. ज्यू माणसाने सैन्यात अधिकारी होणे किंवा सरकारी नोकरीत वर चढणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. तरीही पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर लेविन साधे शिपाई म्हणून सैन्यात गेले, जखमी झाले आणि शौर्यपदक घेऊन परतले. मधल्या काळात १९१६ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. पुढे तेथेच ते शिकवू लागले. विद्यार्थ्यांना घेऊन कॉफीच्या दुकानात तासन्‌तास चर्चा करण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. वेटरला पैसे येणे बाकी असेतो सगळा हिशेब तोंडपाठ असतो आणि पैसे मिळताच तो विसरतो, हे तेथेच लक्षात आले असे सांगतात. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झाइगार्निक हिने यावर प्रयोग करून १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. गृहपाठ अर्धा ठेवून खेळायला गेल्यावर तो डोक्यातून का जात नाही, याचे उत्तर त्यात आहे!

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा लेविन अमेरिकेत पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवून परतीच्या प्रवासात होते. युद्धात लढल्यामुळे त्यांची नोकरी काही काळ टिकली असती. परंतु जे विद्यापीठ आपल्या मुलांना विद्यार्थी म्हणून घेणार नाही तेथे आपण शिकवायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि त्याच वर्षी सहकुटुंब अमेरिका गाठली. आई मागे युरोपात राहिली. तिला आणण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली, पण परवाना मिळाला नाही. ती नाझींच्या छावणीत मारली गेली.

अमेरिकेत आयोवा येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ च्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग शाळांनी अवश्य वाचावा असा आहे. मुलांची मंडळे केली आणि त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. एका मंडळात मोठा माणूस नुसते हुकूम सोडी, दुसऱ्यात सगळे मिळून ठरवत. पुढे तिसरा प्रकारही घेतला, त्यात मोठा माणूस कशातच लक्ष घालत नसे. हुकमी मंडळात तो समोर असेपर्यंत काम होई, त्याने पाठ फिरवली की थंडावे. शिवाय मुले आपला राग त्याच्यावर न काढता एखाद्या सोबत्यावर काढत. अशा छळामुळे दोन मुले मंडळ सोडून गेली. ती मुले वाईट होती म्हणून असे घडले नाही. त्याच मुलांना दुसऱ्या प्रकारच्या मंडळात घातले की त्यांचे वागणे बदले. जर्मनीत शेजारी शेजाऱ्यावर कसा उलटला, हे पाहून आलेल्या माणसाला यात काय दिसले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात मांसाचा तुटवडा पडला, तेव्हा काळीज, मूत्रपिंड असे नको असलेले भाग गृहिणींनी शिजवावेत, असे सरकारला वाटत होते. लेविन यांनी काही गटांना उत्तम व्याख्यान दिले, तर काही गटांना आपापसांत बोलून हात वर करून ठरवू दिले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तो पदार्थ केला. आपण होऊन ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी केला. दूध पी, दूध पी म्हणून दमलेल्या पालकांनी हे आकडे पाहावेत.

युद्धानंतर वंशद्वेष हाच त्यांच्या कामाचा मुख्य विषय झाला. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यात शिक्षक व समाजसेवकांचे एक शिबिर झाले. काळे-गोरे, ज्यू-ख्रिस्ती यांच्यातील तेढ कमी कशी करावी, हा विषय. रात्री संशोधक दिवसभराच्या नोंदी वाचत बसत. एका रात्री काही शिबिरार्थींनी आत बसू देण्याची विनंती केली आणि लेविन यांनी ती मान्य केली. एका बाईंच्या वागण्याची नोंद वाचली जाताच त्या ताडकन म्हणाल्या की असे घडलेच नाही. वाद झाला, आणि लेविन मात्र खूश! दुसऱ्या रात्री जवळजवळ सगळे शिबिर हजर होते. आज जगभर चालणाऱ्या अनेक प्रशिक्षण शिबिरांचे मूळ या रात्रींत आहे.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. काम शिष्यांनी चालवले. त्यांपैकी लिऑन फेस्टिंगर यांच्या गाजलेल्या सिद्धान्ताला आपल्याकडच्या १९३४ च्या बिहार भूकंपाचा धागा आहे. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी नोंदवले होते की, जेथे धक्का बसला पण घरे पडली नाहीत, तेथेही याहून मोठे संकट येणार अशा अफवा जोरात पसरल्या. घाबरलेल्या माणसाला घाबरण्याचे कारण हवे असते, असा अर्थ फेस्टिंगर यांनी लावला. दुसरे शिष्य मॉर्टन डॉइच यांनी मेरी कॉलिन्स यांच्यासह सरकारी वसाहती पाहिल्या. न्यूयॉर्कमध्ये काळी व गोरी कुटुंबे एकाच इमारतीत राहत, न्यूअर्कमध्ये वेगवेगळ्या. एकाच जिन्यावरून ये-जा करणाऱ्या गोऱ्या गृहिणींचे शेजारणींबद्दलचे मत कितीतरी चांगले निघाले. १९५१ मध्ये हे पुस्तकरूपाने आले. न्यूअर्कच्या गृहनिर्माण मंडळाने घरे रंगावरून वेगळी वाटण्याची आपली पद्धत बंद केली.