जमशेदजी आणि इंधनाचा हिशेब

टाटा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी मिठाचं पाकीट येतं, मग चहाचा डबा आणि मग रस्त्यावरचा ट्रक. हे नाव ज्यांनी मोठं केलं, ते जमशेदजी टाटा मात्र आपल्या लेखी शाळेतल्या एखाद्या धड्यापुरते उरले आहेत. कारखाने काढणारा श्रीमंत पारशी माणूस, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, या माणसाचं अर्धं आयुष्य ज्या प्रश्नामागे गेलं, तो प्रश्न तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला आहे. जाळायचं काय?

आमच्या कामठ्यात बचत गटाची बैठक असली की हा विषय हमखास निघतो. सरपण आणावं, गॅस भरून घ्यावा, की सोलर बसवावं? सरपणाला पैसा लागत नाही, पण कंबर मोडते आणि धूर डोळ्यांत जातो. गॅस झटपट, पण सिलिंडर संपलं की पुढचं भरायला हातात पैसे हवेत. सोलर छान, पण पावसाळ्यात काय? जिची तिची अडचण वेगळी, म्हणून जिचं तिचं उत्तरही वेगळं. अशा वेळी मला जमशेदजींची गोष्ट सांगावीशी वाटते. तिचा मोठा भाग घडलाय आपल्याच विदर्भात, आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेच्या आजूबाजूला.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजींनी मात्र मुंबईला येऊन व्यापार सुरू केला आणि मुलालाही तिकडे बोलावून घेतलं. जमशेदजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८५८ मध्ये शिक्षण पुरं करून वडिलांच्या धंद्यात शिरले. त्यांचं लग्न हिराबाईंशी झालं. दोराबजी आणि रतनजी ही त्यांची मुलं. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची बुडीत गेलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. मग इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या पाहून आले.

आता त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, असंच समीकरण होतं. बहुतेकांचा पैसा तिथेच लागायचा. जमशेदजींनी वेगळा विचार केला. गिरणीची जागा निवडताना त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. कापूस जवळ हवा, रेल्वे जवळ हवी आणि पाणी व इंधन भरपूर हवं. जबलपूरजवळ नर्मदेच्या पाण्याच्या जोरावर गिरणी चालवता येईल का, हेही त्यांनी चाचपून पाहिलं होतं, पण ते जमलं नाही. शेवटी तिन्ही गोष्टी जुळल्या त्या नागपुरात. वऱ्हाडचा कापूस जवळ, रेल्वे आलेली आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी हाताशी. आज आनंदवनामुळे आपल्याला माहीत असलेलं वरोरा तेव्हा कोळशासाठी ओळखलं जायचं.

जागा घेतली तीही जुम्मा तलावाजवळची दलदलीची. त्या खड्ड्यात भर टाकण्यासाठी पैसा ओतायला सुरुवात झाली, तेव्हा हा माणूस सोनं मातीत घालतोय असं म्हणून एका सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला होता, अशी आठवण सांगतात. पुढे गिरणीचा नफा पाहून त्याच सावकाराला आपले शब्द मागे घ्यावे लागले. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. नागपूरकरांच्या कितीतरी पिढ्या या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या. जमशेदजींनी तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. आपल्या देशात तोवर कोणी कायद्याने तसं करायला लावत नव्हतं. ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे.

तर गिरणी कोळशावर चालली. कोळशाचे गुण त्यांना दिसले तसे अवगुणही. जिथे खाण जवळ, तिथे कोळसा स्वस्त. जिथे लांब, तिथे वाहतुकीतच पैसा जातो. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराड्यांचा धूर भोवतीच्या चाळींवर उतरायचा. शिवाय एकदा जाळला की संपला.

त्यातही कोळसा आणि कोळसा सारखा नसतो, हा धडा जमशेदजींना आपल्या चांद्यानेच शिकवला. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंडाचं खनिज आहे, असं त्यात लिहिलं होतं. वरोऱ्याचा कोळसाही जवळच. जमशेदजींच्या मनात पोलादाच्या कारखान्याचं स्वप्न तेव्हापासून बसलं. पण कोळसा तपासून पाहिल्यावर तो त्या कामाचा नाही असं निघालं. चुलीपुढे बसणारीला हे लगेच कळेल. पळसाचं लाकूड भुर्रकन जळून राख होतं, धावड्याचा निखारा मात्र तासन् तास टिकतो. पोलादाच्या भट्टीला असाच कडक, टिकणारा कोळसा लागतो. त्याचा कोक करतात, आणि भट्टीतल्या खनिजाचं ओझं पेलूनही तो चुरा होत नाही. वरोऱ्याचा कोळसा गिरणीच्या बॉयलरला चालायचा, पोलादाला नाही. त्यात खाणींबाबतचे सरकारी नियमही जाचक. स्वप्न बाजूला पडलं, पण मेलं नाही.

१८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाले तेव्हा साठीचे जमशेदजी पुन्हा कामाला लागले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, तिथले कारखाने पाहिले, तज्ज्ञ गाठले. चांद्याच्या जंगलात पुन्हा शोध झाला, खनिज पुरेसं निघालं नाही. मग दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात एका नकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाची खूण दिसली. आपण गोंदियाहून डोंगरगड, राजनांदगाव करत पुढे जातो ना, त्याच वाटेवरचं हे दुर्ग. तिथल्या राजहऱ्याच्या टेकड्या अक्षरशः लोखंडाच्या. पण पुन्हा तेच! लागेल तसा कोळसा जवळ नाही, पुरेसं पाणी जवळ नाही. शेवटी झरियाच्या कोळशापासून फार दूर नसलेली साकची ही जागा ठरली. तेच आजचं जमशेदपूर. कंपनी १९०७ ची, पहिलं पोलाद निघालं १९१२ मध्ये. राजहऱ्याचं खनिज पुढे स्वतंत्र भारतात भिलाईच्या कामी आलं. इंधनाने असा एका शहराचा पत्ता बदलला.

हे काही पाहायला जमशेदजी उरले नव्हते. १९०४ मध्ये हिराबाई गेल्या आणि त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत जमशेदजींनी डोळे मिटले. वय ६५.

पण जाण्याआधी त्यांनी आणखी एक बी पेरून ठेवलं होतं, पाण्याच्या विजेचं. अमेरिकेत नायगाराच्या धबधब्यावर १८९५ मध्ये मोठं वीजघर सुरू झालं होतं. आपल्या सह्याद्रीवर बारमाही धबधबा नसला तरी चार महिने पाऊस धो धो पडतो. मग ते पाणी घाटमाथ्यावर साठवावं आणि वर्षभर नळातून खाली कोकणात सोडावं, ही ती कल्पना. मुलांनी ती तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी झाली, लोणावळा परिसरात वळवण, शिरोता अशी धरणं झाली आणि सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीला १९१५ मध्ये वीज तयार झाली. ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. धूर नाही, राख नाही, कोळशाची वाघीण नाही. जात्यावर धान्य पडतं तसं चाकावर पाणी पडायचं आणि वर पुन्हा पाणगंगेसारखं पाताळगंगेला जाऊन मिळायचं. कोकणातल्या त्या खोऱ्याला उन्हाळ्यातही पाणी मिळू लागलं.

इथे गोष्ट संपवली असती तर सगळं गोडच वाटलं असतं. पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. खोपोली यशस्वी झाली म्हणून आणखी धरणं आली, त्यातलं एक मुळशीचं. मावळातली सुपीक भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. आपण धान पिकवणारी माणसं. बांधी बुडणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढे होते, मावळे शेतकरी होते आणि त्यांच्या बायकाही होत्या. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालंच. वीज गेली मुंबईला आणि पिढ्यान् पिढ्यांची जमीन गेली मावळ्यांची. जमशेदजी तेव्हा जाऊन सतरा वर्षं झाली होती, त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. पण त्यांच्या स्वप्नाची किंमत तिसऱ्याच कोणीतरी मोजली, हेही खरं.

जमशेदजींची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. फुकटचं इंधन जगात नाही. किंमत पैशात नसेल तर धुरात असते, राखेत असते, बुडालेल्या बांधीत असते, नाहीतर बाईच्या डोक्यावरच्या मोळीत असते. आपल्या जिल्ह्यातच बघा. तिरोड्याला कोळशावरचा ३,३०० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. रात्रंदिवस, पावसापाण्यात वीज देतो, ही कोळशाची ताकद. पण कोळसा जाळला की राख आली, धूर आला आणि थंड करायला नदीचं पाणीही आलं. उन्हाला काही मोल पडत नाही, शेतातला सौर पंप दिवसा ओलीत करू देतो, रात्री साप-विंचवाच्या भीतीने बांधावर जावं लागत नाही. पण अंधार पडला की तो थांबतो, आणि बॅटरी महाग. आपल्या उसना तांदळाच्या गिरण्या धानाचं तूस बॉयलरला जाळतात, म्हणजे टाकाऊतून वाफ. पण तेही हंगामावर आणि गिरणीवर अवलंबून. गोबर गॅस उत्तम, पण गोठ्यात जनावरं हवीत. आणि सरपण? २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस आला, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून जंगलात जाणाऱ्या बाया मी रोज बघते. मोहफुलांच्या दिवसांत वाघाची भीती, पोटात भुकेची भीती. फुकट म्हणतो ते हेच का?

म्हणून कोणतं इंधन चांगलं, याला एका शब्दात उत्तर नाही. जमशेदजींनी गिरणीसाठी तीन गोष्टी तपासल्या होत्या. जवळ काय आहे, ने-आण कशी होईल आणि पाणी-इंधन पुरेल का. आपणही घरात, गटात, ग्रामसभेत हेच तीन प्रश्न विचारू या. आपल्याकडे ऊन आहे, तूस आहे, शेण आहे. त्यातलं काय कुठे पुरेल, ते आपल्यालाच अधिक चांगलं कळतं. आणि त्यांच्या यादीत नसलेला, मुळशीच्या बायाबापड्यांनी घालून दिलेला चौथा प्रश्नही विचारू या. उजेड कुणाच्या घरात पडणार आणि त्याची किंमत कोण मोजणार?

ग्रामसभेत उभं राहून हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. रोज चूल पेटवणारीला तो विचारायचा सगळ्यात आधी हक्क आहे.