घर पाडण्याआधी गल्ली फिरणारा प्रोफेसर

रस्ता रुंदीकरणात अर्धं कापलेलं घर तुम्ही पाहिलंच असेल. उघड्या भिंतीवर जिन्याची खूण, कोनाड्याचा निळा रंग, वर लोंबणारा पत्रा. महालातला केळीबाग रोड म्हणा की जुना भंडारा रोड, नागपूरकरांना हा विषय नवा नाही. शहर सुधारायचं तर लोकांची घरं पाडावीच लागतात का? या प्रश्नामागे आयुष्य घालवलेला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्या शहरात येऊन गेला. नाव पॅट्रिक गेडिस. आर्किटेक्चरच्या मित्रमैत्रिणींना विचारा, त्यांना सिलॅबसमध्ये भेटले असतील. बाकीच्यांसाठी ही गोष्ट.

जन्म १८५४, स्कॉटलंड. लंडनमध्ये थॉमस हक्सलींकडे जीवशास्त्र शिकले, पण डिग्री कधीच घेतली नाही. (हे घरी सांगू नका.) तरी पुढे डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर झालेच. त्याआधी १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावणं संपलं. मग त्यांनी बघायला मोठी गोष्ट निवडली, शहर.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टनशी लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत हे जोडपं एडिनबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहायला गेलं. हो, मुद्दाम! शेजाऱ्यांना सोबत घेऊन सफाई केली, भिंती रंगवल्या, पडकं तेवढंच काढलं आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यांवर बागा केल्या. कुणाला हाकलायची गरज पडली नाही.

साठीच्या उंबरठ्यावर त्यांना भारताचं बोलावणं आलं. १९१४ मध्ये नगररचनेचं त्यांचं अख्खं प्रदर्शन जहाजातून इकडे निघालं आणि एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडवलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. यांनी मित्रांकडून नकाशे, चित्रं गोळा करून नवं प्रदर्शन उभं केलं. मग गावोगावचे अहवाल सुरू झाले. नागपूर नगरपालिकेसाठीही त्यांनी एक लिहिला.

तो काळ समजून घ्या. १८९४ चा भूसंपादन कायदा नवाच होता. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेणार, मालकाला मोबदला मिळणार, पण त्याचा नकार चालणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये तिथे सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, हा उपाय ठरला. इतर शहरांचे इंजिनिअरही नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारू लागले.

गेडिस यांचं भांडण या रेघेशी होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गरिबाचं घर पाडलं म्हणून तो गायब होत नाही, शेजारच्या गल्लीत जातो. तिथे भाडं वाढतं, गर्दी वाढते आणि रोगराई नव्या पत्त्यावर सुरू होते. म्हणून आधी पायी फिरा. कोणतं घर ओस आहे, कोणतं पडायला आलंय, विहीर कुठे, झाड कुठे, सगळं मांडा. मग एखादा पडका वाडा काढा, एखादा कोपरा रुंद करा, आत छोटा चौक मोकळा करा. हवा खेळते, बहुतेक घरं वाचतात आणि मोबदल्याचा खर्चही आटोक्यात राहतो. याला ते कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी म्हणत. पाय कापण्याऐवजी जखम साफ करायची, असं समजा.

इंदूरमध्ये तर त्यांनी कमालच केली. एका दिवसासाठी महाराज होण्याची परवानगी घेतली आणि दिवाळीची मिरवणूक काढली, प्लेगच्या भल्यामोठ्या उंदरासकट! मिरवणूक जाणार कुठून? ज्या रस्त्यावर घरांची सफाई-डागडुजी जास्त झाली, तिथून. लोक कामाला लागले.

मात्र त्यांना देव्हाऱ्यात बसवायला नको. इंजिनिअरांशी त्यांचं जमलं नाही, बोलणं लांबलचक, लिहिणं किचकट आणि बरेचसे अहवाल कपाटातच राहिले. शिवाय ड्रेनेजची मोठी लाईन टाकायची तर कुणाची ना कुणाची जागा लागतेच, हेही खरं. पण किती लागते, हे मोजायचं कुणी आणि कधी, हा त्यांचा सवाल आजही तसाच आहे. आज रुंदीकरणात जागेच्या बदल्यात पैसे किंवा टीडीआर मिळतो. टीडीआर मिळतो तो जागेच्या मालकाला. वर्षानुवर्षं भाड्याने दुकान चालवणाऱ्याला ग्राहक आणि शेजार टीडीआरमध्ये मिळत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने भाडेकरूंनाही बाधित मानलं आणि आधी सामाजिक परिणाम तपासायला सांगितलं. गेडिस हेच एक शतक आधी करत होते, वही घेऊन.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. थोरला मुलगा अ‍ॅलस्टेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. इकडे भारतात अ‍ॅना आजारी होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. अ‍ॅनाही गेल्या. त्यानंतरही ते भारतात काम करत राहिले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.

पुढे तेल अवीवचा आराखडा केला, फ्रान्समध्ये माँपेलिये इथे कॉलेज काढलं आणि एप्रिल १९३२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यानंतर चार वर्षांनी, १९३६ मध्ये, नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला. सक्तीने जमीन घेण्याची तरतूद त्यात होती.