इंजिनाचा श्वास : शंतनुराव किर्लोस्कर

दिल्लीहून मनालीमार्गे लेहला निघालेला मालट्रक समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवरून प्रवासाला लागतो आणि तांगलांग ला या खिंडीत ५,३०० मीटरच्याही वर जातो. तिथे हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. डिझेल इंजिनाला तेलाइतकीच हवेचीही भूक असते. हवा विरळ झाली आणि तेल पूर्वीइतकेच पडत राहिले, तर ते नीट जळत नाही. धुराड्यातून काळा धूर येतो आणि भरलेली गाडी चढावर दम टाकते. साध्या इंजिनाची शक्ती दर शंभर मीटरला अदमासे एक टक्क्याने घटते, असा जुन्या जाणकारांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने रोहतांगपर्यंतच एक तृतीयांशाहून अधिक बळ सरते. या दुखण्यावरचा इलाज ज्या इंजिनांत बसवलेला होता, ती इंजिने भारतात घडविण्याचे धाडस एका मराठी उद्योजकाने केले. ते म्हणजे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकी पेशा सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानाकडे आणि तिथून लोखंडी नांगराकडे वळले होते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो नांगर बराच काळ पडून राहिला, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर, निवडुंग आणि सापविंचवांच्या राज्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनुरावांचे बालपण ओतशाळेच्या धगीत आणि लेथच्या आवाजात गेले.

१९२२ मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले आणि १९२६ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन वाडीला परतले. परदेशी पदवीच्या बळावर मुंबई-कलकत्त्यात साहेबी नोकरी सहज मिळाली असती; त्यांनी वडिलांचाच कारखाना पत्करला. पुढील वीस वर्षे नांगर, पंप आणि यंत्रसामग्रीत गेली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दोनच वर्षांनी, गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. वडिलांच्या उभ्या आयुष्याची कमाई राखेत गेली होती. तरी कारखाना पुन्हा उभा करण्यात आला.

खडकीच्या इंजिनाने मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोट उतरवली. पाच अश्वशक्तीच्या आसपासचे ते दणकट, संथ यंत्र कसेही वापरले तरी चाले. याच इंजिनावर समाधान मानून बसणे व्यवहाराला धरून झाले असते. बाजार होता, नाव होते, नफाही होता. तथापि धरणे, खाणी आणि डोंगरातले रस्ते ही कामे पाच अश्वशक्तीची नव्हेत. त्यांना शेकडो अश्वशक्तीची, वेगाने फिरणारी आणि आकाराने आटोपशीर इंजिने हवी होती. अशा इंजिनांसाठी शंतनुरावांची दृष्टी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस या गावाकडे, कमिन्स कंपनीकडे वळली.

या इंजिनांतील मर्म म्हणजे टर्बोचार्जर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू धुराड्यावाटे फुकट जातो. त्याच्या वाटेत पात्यांचे चाक ठेवले, तर ते गरगर फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक, म्हणून जाळता येणारे तेलही अधिक. उंचीवर तर या युक्तीचा गुण विशेष खुलतो : बाहेरचा दाब उतरला की पहिले चाक अधिक जोमाने फिरू लागते आणि विरळ हवेची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचे एक इंजिन ट्रकवर लादून सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथे २३० वर उतरले. टर्बो जोडताच ३५६ वर गेले.

कमिन्सलाही हे यंत्र आयते हाती आले नव्हते. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत त्यांची टर्बो बसवलेली डिझेल मोटार सर्वांत वेगवान ठरून अग्रस्थानी उभी राहिली. पण हवा घेण्याचे तोंड जमिनीलगत असल्याने टायरांच्या रबराचा चुरा आत ओढला गेला आणि ७१ फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावे लागले. धुळीने भरलेल्या भारतात अशी इंजिने बनवू पाहणाऱ्याने हा धडा दुर्लक्षावा असा नव्हता.

१९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. कोथरूडला तेव्हा शहराबाहेरचेच गाव म्हणत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लडाखमध्ये युद्ध पेटले आणि हिमालयातील रस्त्यांचा प्रश्न साऱ्या देशाच्या तोंडी आला. कारखान्याचा निर्णय त्याआधीचा होता, म्हणून त्याला युद्धाची प्रेरणा चिकटवण्यात अर्थ नाही. पुढे कोथरूडची इंजिने जनित्रांत, खाणींतील डंपरांत आणि माती हलवणाऱ्या अवजड यंत्रांत बसू लागली.

पहिली वर्षे सोपी नव्हती. टर्बोचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तिथे केसाइतकी चूकही खपत नाही. असे सुटे भाग देशात मिळणे कठीण आणि आयात करावे तर परवाना हवा. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, तेव्हा आयात एका रात्रीत महागली. त्या काळी कारखाना वाढवायचा तर दिल्लीची वाट धरावी लागे. याच दिल्लीत शंतनुरावांनी १९६५-६६ मध्ये भारतीय उद्योगांच्या महासंघाचे, म्हणजे फिक्कीचे, अध्यक्षपद सांभाळले आणि नियंत्रणांविरुद्ध आपली मते मोकळेपणाने मांडली. १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. सन्मान देणारे सरकार आणि परवाना अडवणारे सरकार एकच होते, हा त्या काळाचाच एक विनोद म्हणायचा. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात गुलाबांबरोबर निवडुंगही आहे, तो वाडीच्या माळावरचाच असे नाही.

उतारवयातही त्यांचे कारखान्यांवरील लक्ष सुटले नाही. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, कमिन्सने टाटांबरोबर जमशेदपूरला वेगळी कंपनी स्थापन केली होती. टाटांच्या मालट्रकांत कमिन्सची टर्बो इंजिने तिथून येऊ लागली. १९९० चे दशक सरता सरता कोथरूडच्या कंपनीच्या नावातून किर्लोस्कर हा शब्दही गेला आणि ती कमिन्स इंडिया झाली. खडकीचा कारखाना मात्र त्याच नावाने इंजिने बनवत राहिला.