सखुबाईंचा डेबू

संत गाडगेबाबांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम खराटा उभा राहतो. मग डोक्यावरचे फुटके गाडगे, अंगावरच्या चिंध्या, एका कानातील कवडी आणि दुसऱ्या कानातील बांगडीची काच. शाळाशाळांतून त्यांची जयंती साजरी होते ती या खराट्यापुरती. आम्हीही पुष्कळ वर्षे तशीच साजरी केली. मुलांच्या हाती झाडू दिले, मैदान झाडून घेतले, दोन शब्द बोललो आणि मोकळे झालो. स्मरणिकेसाठी लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र बाबांच्या आयुष्याचा जो भाग भाषणांत दोन वाक्यांत उरकला जातो, तोच लिहावा असे आम्ही ठरविले. गाडगेबाबा हे दारूने संपलेल्या एका पित्याचे पुत्र होते. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ पुष्कळसे त्या घरात आहे, अशी आमची समजूत आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. या गावाला आज शेंडगाव म्हणतात. जात परीट. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घर खाऊनपिऊन होते, शेतीवाडी होती. झिंगराजी मुळात दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण व्यसनी माणसाचे चरित्र सांगताना त्याला प्रथमपासूनच नालायक ठरविण्याची आपल्याला सवय आहे. दारू त्या घरात चोरवाटेने आली नव्हती; ती देवाच्या आणि जातीच्या नावाने उजळ माथ्याने आली होती. देवाला बकरे कापावयाचे, त्याबरोबर दारू ठेवावयाची आणि पंगतीत ती सर्वांनी घ्यावयाची, अशी रीत होती. बारसे असो, लग्न असो की दिवस असोत, दारूवाचून कार्य पार पडत नसे. न पिणाऱ्याला उलट अहंकारी समजत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते आणि दारूच्या दुकानांचे मक्ते लिलावाने जात; सरकारलाही त्यातून महसूल मिळे. म्हणजे देव, जात आणि सरकार या तिघांचीही संमती असलेले हे व्यसन होते. अशा वेळी एकट्या झिंगराजींनी ग्लास दूर सारावयाचा तो कोणाच्या बळावर?

आधी प्रसंगाप्रसंगाने, मग मित्रांच्या आग्रहाने आणि शेवटी रोज, असा तो नेहमीचाच उतार आहे. शेती गेली, गुरे गेली, शरीर गेले. १८८४ साली झिंगराजी वारले, तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात की, अखेरच्या दिवसांत झिंगराजींना आपल्या हातून काय झाले ते कळून चुकले होते आणि या मुलाला दारूपासून व तसल्या देवांपासून दूर ठेव, असे त्यांनी पत्नीला विनविले होते. शुद्धीवर येण्यास त्यांना मरण जवळ यावे लागले, एवढेच.

येथे आम्ही थोडे थांबतो. झिंगराजींच्या दारूची कथा सगळे सांगतात. सखुबाईंनी ती वर्षे कशी काढली हे कोणी फारसे सांगत नाही. व्यसन एकाचे असते आणि आजारी सगळे घर पडते. हे आम्हाला ग्रंथांतून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात सातवीतला एक मुलगा होता. दिवाळीची सुटी जवळ आली की त्याच्या पोटात दुखू लागे. डॉक्टरांना काही सापडत नसे. मुलगा ढोंग करतो असे ठरवून आम्ही त्याला चारचौघांत रागावलो. पुढे पालकसभेला त्याची आई एकटीच आली आणि सभा संपल्यावर बराच वेळ दाराशी उभी राहिली. वडील बाहेरगावी कामाला आहेत, असे तिने आम्हाला तीन वर्षे सांगितले होते. वडील घरीच होते. त्या दिवशी तिने खरे काय ते सांगितले, आणि मुलाचे पोट सुटीच्या आधीच का दुखते ते आम्हाला उमगले. आमच्या त्या रागावण्याची लाज आम्हाला आजही वाटते.

सखुबाईंपाशी सांगण्यासारखे कोणी नव्हते. १८८४ साली व्यसनमुक्ती हा शब्दही आपल्याकडे नव्हता. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांचे मुक्तांगण सुरू झाले ते १९८६ साली. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तेथे सहचरी नावाचा वेगळा गट चालतो. तेथे बाईने आधी स्वतःचे दुःख बोलावे, नवऱ्याचे मग पाहू, अशी रीत आहे. सखुबाईंनी यांतले काही नसताना एक निर्णय घेतला. त्या मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी गेल्या. ज्या संगतीत आणि ज्या रीतीत नवरा बुडाला, तेथून त्यांनी मुलाला उचलले. माहेरचा आश्रय घेणे ही त्या काळी नामुष्की होती. ती त्यांनी पत्करली.

भाऊ चंद्रभान यांनीही बहिणीला घरात घेतले. व्यसनी माणसाच्या कुटुंबाला नातलग टाळतात, कारण उसने मागतील अशी भीती असते. या मामांनी ते केले नाही, म्हणून पुढचे सगळे घडले. शाळा डेबूच्या वाट्याला आली नाही. तो गुरे राखू लागला, पूर्णा नदीत पोहायला शिकला, नांगर धरू लागला. राबण्यात गावात त्याची बरोबरी करणारे थोडे होते. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. पुढे सावकाराने कर्जाच्या कागदात अडकवून मामांची जमीन गिळली आणि त्या धक्क्याने मामा गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून हलले नाहीत. ही हकीकत मोठी आहे. येथे एवढेच सांगतो की, निरक्षर माणसाचा अंगठा कागदावर कसा फसविला जातो हे त्यांनी घरातच पाहिले होते.

आता त्या बारशाकडे वळू. आमच्या मते डेबूजींच्या चरित्रातील हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, घर सोडण्याहूनही मोठा. डेबूजींना मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले. मटणाचे जेवण आणि दारू मिळणार हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. डेबूजींनी पंगतीत गोडाचे जेवण वाढले आणि दारूचा थेंब येऊ दिला नाही. भाऊबंदांत नाराजी झाली. रीत मोडली, आता कुळाचा देव कोपेल, असे बोलले गेले. डेबूजी बधले नाहीत.

हे वरवर पाहता एका जेवणाचे प्रकरण आहे. पण वडिलांना दारू जेथून लागली ते नेमके ठिकाण म्हणजे ही पंगतच होती. व्यसनी बापाच्या मुलापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक, बापाच्या वाटेने जाणे; दुसरी, बापाचा आयुष्यभर द्वेष करणे. डेबूजींनी तिसरीच वाट काढली. त्यांनी बापाला सोडून पंगतीला दोषी धरले आणि तिची दुरुस्ती स्वतःच्या दारात, स्वतःच्या मुलीच्या बारशाला केली. झिंगराजींचे नाव त्यांनी कधी लपविले नाही. आपल्या वाड्यावस्त्यांवर आजही लग्नाच्या आदल्या रात्री काय चालते हे वाचकांना ठाऊक आहे. त्रिशरण-पंचशीलाने विधी लागतो आणि मंडपामागे बाटल्या उघडतात. पाचवे शील मोडायला आपण मांडवाच्या आतही थांबत नाही, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. पण सखुबाईंची गोष्ट सांगून हे वगळणे बरे दिसणार नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घरातून निघून गेले. वयाचे एकोणतिसावे वर्ष चालू होते. चरित्रकार या प्रसंगाची तुलना सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी करतात. तुलना सुंदर आहे, परंतु इतिहासाच्या शिक्षकाला दुसरी बाजूही दिसते. घरी म्हाताऱ्या सखुबाई होत्या, कुंताबाई होत्या, मुले होती. सखुबाईंच्या आयुष्यातून पहिला पुरुष दारूने नेला आणि दुसरा लोकसेवेने. कारणे सर्वस्वी वेगळी, पण चुलीपाशी बसलेल्या बाईच्या वाट्याला दोन्ही वेळा रिकामे दारच आले. पुढे कुटुंब पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे झोपडीत राहिले. लोकांच्या पैशातून मोठाल्या धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांनी त्या पैशातून घरच्यांसाठी काही घेतले नाही. बाबांची थोरवी यात आहेच. मात्र त्या थोरवीची किंमत सखुबाई आणि कुंताबाई यांनीही मोजली, हे विसरता कामा नये.

त्यानंतरची पन्नास वर्षे महाराष्ट्राला माहीत आहेत. दिवसा गाव झाडावयाचे, रात्री कीर्तन करावयाचे. ते कीर्तन पोथीतले नव्हते. बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देव कोठे असतो, नवसाचे बकरे कोण खातो, कर्ज काढून केलेल्या लग्नाचे व्याज कोण फेडतो, दारूचा पैसा कोणाच्या ताटातून जातो, हे सगळे पिणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला एकाच वेळी, एकाच मांडवात ऐकावे लागे. ज्या दुःखावर घरात कुजबुजही होत नसे, ते हजारो लोकांपुढे उघडपणे बोलले जाई. बाईला कळे की हे आपल्याच घरात नाही. आमच्या मते बाबांच्या कीर्तनाचे हेच मोठे औषध होते. पिणाऱ्यांतले किती सुटले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण बाबांनी पिणाऱ्याच्या सुधारण्यावर घराचे सगळे भवितव्य टांगून ठेवले नाही. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, पण मुलांना शाळेत घालावे, असे ते पुनःपुन्हा सांगत. आणि उदाहरण देत ते बाबासाहेबांचे. बाप सुधारेपर्यंत मुलाने थांबावयाचे नाही, हे सखुबाईंनी दापुऱ्याची वाट धरताना केलेच होते.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. दारूच्या प्रश्नावर मात्र दोघांच्या भूमिकांत एक बारकावा आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध होता. त्यापायी महसूल बुडतो आणि शिक्षणासारख्या कामाला पैसा उरत नाही, हे त्यामागचे कारण. हे वाचून आमच्या काही मित्रांना धक्का बसतो. परंतु त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पोलिसाच्या काठीने जे साधत नाही ते माणसाने स्वतः शपथपूर्वक स्वीकारावे, असा याचा अर्थ आम्ही लावतो. बारशाच्या पंगतीत डेबूजींनीही कोणाच्या हुकुमावाचूनच दारू बंद केली होती.

१९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्यांसाठी बांधलेली ती वास्तू मुलांच्या वसतिगृहासाठी जावी, असे बाबांना वाटले. स्वतः अक्षरशत्रू राहिलेल्या माणसाने वसतिगृहाचे मोल इतके नेमके जाणावे, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. मामांच्या घराने त्यांना काय दिले होते हे त्यांना ठाऊक होते. घरात दारू असलेल्या मुलाला रात्री निवांत झोपता येईल अशी एक जागा हवी असते, शिकणे त्यानंतरचे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा आजारीच होते. वांद्रे येथील त्यांचे अखेरचे कीर्तन नोव्हेंबरात होऊन गेले होते; त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. बाबासाहेबांच्या मागोमाग दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच बाबांचे प्राण गेले. अमरावतीला त्यांची समाधी आहे. शेणगाव तेथून फार दूर नाही.